मर्डर, शी रोट

मर्डर, शी रोट ही अमेरिकेतील सीबीएस वाहिनीवरून प्रसारित झालेली रहस्यप्रधान दूरचित्रवाणी मालिका आहे. तिचा पहिला भाग ३० सप्टेंबर, इ.स. १९८४ रोजी, तर शेवटचा भाग १९ मे, इ.स. १९९६ रोजी दाखविण्यात आला. या काळात मालिकेची १२ पर्वे व २६४ भाग झाले. त्यानंतर इ.स. १९९७ ते इ.स. २००३ या कालावधीत याच नायिकेवर आधारित चार दूरचित्रपटही प्रसारित झाले. पीटर एस. फिशर, रिचर्ड लेव्हिन्सन आणि विल्यम लिंक हे या मालिकेचे जनक होत. निर्मिती युनिव्हर्सल टेलिव्हिजन या संस्थेची होती. जेसिका फ्लेचर या नायिकेची भूमिका अँजेला लान्सबरी यांनी केली.

जेसिका फ्लेचर ही मेन राज्यातील कॅबट कोव्ह या काल्पनिक किनारी गावात राहणारी विधवा, निवृत्त इंग्रजी शिक्षिका व रहस्यकथा लिहिणारी लेखिका आहे. कोणताही सरकारी अधिकार नसताना, केवळ निरीक्षण व तर्क यांच्या बळावर ती खुनांचा उलगडा करते. साठीच्या उंबरठ्यावरील स्त्री एकटीने मालिकेच्या केंद्रस्थानी असणे ही त्या काळच्या अमेरिकन दूरचित्रवाणीत दुर्मीळ गोष्ट होती. मालिकेच्या यशाचे श्रेय बव्हंशी या पात्राला दिले जाते. मालिका ज्या वादातून संपली, तोही प्रेक्षकांच्या वयाशी निगडित होता.

नाव

मालिकेच्या नावाचा शब्दशः अर्थ 'खून, तिने लिहिले' असा होतो. हे नाव इ.स. १९६१ मधील 'मर्डर, शी सेड' या ब्रिटिश चित्रपटाच्या नावावरून सुचलेले आहे. तो चित्रपट ॲगाथा ख्रिस्ती यांच्या '४.५० फ्रॉम पॅडिंग्टन' या कादंबरीवर आधारित असून त्यात मार्गारेट रदरफर्ड यांनी मिस मार्पलची भूमिका केली होती. मूळ नावातील 'म्हणाली' या क्रियापदाच्या जागी 'लिहिले' हे क्रियापद आल्याने नायिकेचा व्यवसायही शीर्षकातच सूचित झाला.

अन्य भाषांत मालिकेला निरनिराळी नावे मिळाली. जर्मन भाषेतील नावाचा अर्थ 'खून हा तिचा छंद' असा आहे. इटालियन नावात पिवळ्या रंगाचा उल्लेख येतो, कारण इटलीत रहस्यकथांची पुस्तके पिवळ्या मुखपृष्ठांसह निघू लागल्यापासून 'पिवळी' हा शब्दच त्या साहित्यप्रकाराचा वाचक बनला. जपानी नावाचा आशय 'जेसिका मावशींच्या तपासकथा' असा आहे.

पार्श्वभूमी

लेव्हिन्सन व लिंक ही लेखकद्वयी 'कोलंबो' या गाजलेल्या मालिकेची जनक होती. 'कोलंबो'मध्ये खुनी कोण हे प्रेक्षकाला आरंभीच कळत असे व पोलीस अधिकारी त्याच्यापर्यंत कसा पोहोचतो, एवढाच प्रश्न उरत असे. याच जोडीने फिशर यांच्यासह इ.स. १९७५ मध्ये एनबीसी वाहिनीसाठी 'एलरी क्वीन' ही मालिका केली. तिचा नायक रहस्यकथालेखक होता आणि प्रेक्षकाला सर्व धागेदोरे दाखवून खुनी ओळखण्याचे आव्हान दिले जाई. ती मालिका एकाच पर्वात बंद पडली. मात्र स्वतः रहस्यकथा लिहिणारा हौशी शोधक आणि प्रेक्षकाशी प्रामाणिक राहणारे कोडे या दोन्ही कल्पना पुढे 'मर्डर, शी रोट'मध्ये नव्या रूपात आल्या.

नायिकेच्या भूमिकेसाठी प्रथम जीन स्टेपलटन यांना विचारणा झाली होती. 'ऑल इन द फॅमिली' या विनोदी मालिकेमुळे त्या घराघरांत परिचित होत्या. त्यांनी नकार दिल्यावर ही भूमिका लान्सबरी यांच्याकडे आली.

लान्सबरी यांचा जन्म इ.स. १९२५ मध्ये लंडन येथे झाला. 'गॅसलाइट' (इ.स. १९४४) या पहिल्याच चित्रपटासाठी त्यांना ऑस्करचे नामांकन मिळाले होते. पुढे 'मेम', 'स्वीनी टॉड' इत्यादी संगीत नाटकांमुळे ब्रॉडवेच्या रंगभूमीवर त्यांनी मोठे नाव मिळविले. 'द मिरर क्रॅक्ड' (इ.स. १९८०) या चित्रपटात त्यांनी मिस मार्पलही साकारली होती. मालिका सुरू झाली तेव्हा त्या ५८ वर्षांच्या होत्या आणि संपली तेव्हा ७० वर्षांच्या. नाटक व चित्रपट यांतून मिळाली नव्हती एवढी व्यापक लोकप्रियता त्यांना या मालिकेने दिली.

नायिका

जेसिका बीट्रिस फ्लेचर हिचे माहेरचे आडनाव मॅकगिल आहे. लान्सबरी यांच्या आई मोयना मॅकगिल या अभिनेत्री होत्या. त्यांच्या आडनावावरून ते घेतलेले आहे. पती फ्रँक याच्या निधनानंतर मन रमविण्यासाठी जेसिका एक रहस्यकथा लिहिते. ती प्रसिद्ध करण्याचा तिचा विचार नसतो. तिचा भाचा ग्रेडी ते हस्तलिखित परस्पर एका प्रकाशकाच्या हाती पोहोचवितो आणि 'द कॉर्प्स डान्स्ड ॲट मिडनाइट' ही कादंबरी हातोहात खपते. जे. बी. फ्लेचर या नावाने लिहिणारी ही लेखिका अशा रीतीने उतारवयात प्रसिद्धीस येते.

जेसिका मोटार चालवीत नाही. गावात सायकलवरून फिरते. ती मिस मार्पलप्रमाणे लहान गावातील व वयाने प्रौढ असली, तरी दोघींत फरक आहे. मार्पल अविवाहित असून तिचे आयुष्य बव्हंशी गावातच जाते. जेसिका स्वतःच्या कमाईवर जगणारी व्यावसायिक लेखिका आहे. पुस्तकांच्या प्रसिद्धीसाठी, व्याख्यानांसाठी व आप्तेष्टांना भेटण्यासाठी ती देशोदेशी प्रवास करते. तिला विवाहाच्या बंधनात अडकविणारी कथानके नकोत, असा लान्सबरी यांचा आग्रह होता. त्यामुळे तिच्या आयुष्यात स्नेही व चाहते येतात, परंतु ती अखेरपर्यंत स्वतंत्र राहते.

शिक्षिकेचा पिंडही या पात्रात टिकून आहे. अशुद्ध भाषा, विसंगत विधान किंवा पुस्तकाविषयीची चुकीची माहिती तिच्या नजरेतून सुटत नाही. अनेकदा अशाच एखाद्या चुकीवरून ती खुन्यापर्यंत पोहोचते.

कथेची मांडणी

पहिला भाग 'द मर्डर ऑफ शेरलॉक होम्स' हा दोन तासांचा होता. नव्याने प्रसिद्धी पावलेली जेसिका प्रकाशक प्रेस्टन जाइल्स याच्या निमंत्रणावरून न्यू यॉर्कला जाते. तेथील वेषभूषेच्या मेजवानीनंतर शेरलॉक होम्सच्या वेषातील मृतदेह सापडतो आणि संशय ग्रेडीवर येतो. अखेरीस ज्या जाइल्सविषयी जेसिकाला ओढ वाटू लागलेली असते, तोच खुनी निघतो. निरपराध आप्तावरील आळ आणि सत्य सांगण्यासाठी मोजावी लागणारी वैयक्तिक किंमत ही पुढील अनेक भागांतून येणारी सूत्रे येथेच दिसतात.

सर्वसाधारण भाग जाहिरातींसह एका तासाचा असे. आरंभी एखादे कुटुंब, नाटकमंडळी, कार्यालय किंवा गाव दाखवून ज्याच्या वाईटावर अनेकजण आहेत अशा व्यक्तीचा परिचय करून दिला जाई. त्यानंतर खून होई व पोलीस घाईने एखाद्या निरपराध व्यक्तीला अटक करीत. ही व्यक्ती बहुधा जेसिकाची नातेवाईक, मैत्रीण किंवा जुनी विद्यार्थिनी असे. जेसिका गप्पांच्या ओघात माणसांना बोलते करी. अखेरच्या टप्प्यात कोणाच्या तरी सहज उद्गारावरून तिला उलगडा होई. ती खुन्याला एकट्याने गाठी आणि पूर्वी दाखविलेला पुरावा पुन्हा पडद्यावर आणून घटनाक्रम सांगे. बहुतेक भाग जेसिकाच्या हसऱ्या चेहऱ्यावर चित्र स्थिर होऊन संपत.

खुनाचे प्रत्यक्ष चित्रण अत्यंत संयत असे. रक्तपात, शिवीगाळ व उत्तान दृश्ये यांना मालिकेत जवळपास स्थान नव्हते. त्यामुळे ती सर्व वयोगटांना एकत्र बसून पाहता येत असे.

शीर्षकसंगीत जॉन ॲडिसन यांचे आहे. शीर्षकदृश्यांत टंकलेखन यंत्रावर लिहिणारी जेसिका दिसते.

चित्रीकरणस्थळे

कॅबट कोव्ह हे गाव कथेत अटलांटिक महासागराच्या किनाऱ्यावर आहे. प्रत्यक्षात त्याची बाह्यदृश्ये पॅसिफिक महासागराच्या किनाऱ्यावरील उत्तर कॅलिफोर्नियातील मेंडोसिनो या गावात घेतलेली आहेत. जुन्या लाकडी घरांमुळे हे गाव न्यू इंग्लंड प्रदेशातील गावासारखे दिसते. कथेत कँडलवुड लेन ६९८ हा पत्ता असलेले जेसिकाचे घर म्हणजे मेंडोसिनोतील ब्लेअर हाउस होय. ते आता पर्यटकांचे निवासस्थान असून मालिकेचे चाहते तेथे आवर्जून जातात. बंदराची काही दृश्ये व इतर बरेचसे चित्रीकरण लॉस एंजेलसजवळील युनिव्हर्सल स्टुडिओच्या आवारात झाले.

प्रमुख पात्रे

जेसिका फ्लेचर (अँजेला लान्सबरी) : मालिकेतील एकमेव कायम पात्र.

शेरीफ एमॉस टपर (टॉम बॉस्ली) : कॅबट कोव्हचा भोळा, पण सज्जन पोलीस प्रमुख. पहिल्या चार पर्वांनंतर हे पात्र निवृत्त होऊन केंटकी राज्यात बहिणीकडे राहायला गेल्याचे दाखविले आहे.

डॉ. सेथ हॅझलिट (विल्यम विंडम) : गावचा डॉक्टर व जेसिकाचा बुद्धिबळातील आणि वादविवादातील जोडीदार. विंडम यांनी पहिल्या पर्वात वेगळीच भूमिका केली होती. सेथ हे पात्र दुसऱ्या पर्वापासून आले.

शेरीफ मॉर्ट मेट्झगर (रॉन मसॅक) : न्यू यॉर्कमधील माजी पोलीस. शहरातील गुन्हेगारीला कंटाळून निवांत गावात येतो आणि येथील खुनांची संख्या पाहून चकित होतो. पाचव्या पर्वापासून टपरची जागा या पात्राने घेतली.

ग्रेडी फ्लेचर (मायकेल हॉर्टन) : जेसिकाचा लाडका, परंतु कायम संकटात सापडणारा भाचा. व्यवसायाने हिशेबनीस.

हॅरी मॅकग्रॉ (जेरी ऑरबाक) : बॉस्टनमधील खासगी गुप्तहेर.

मायकेल हॅगर्टी (लेन कॅरियू) : ब्रिटिश गुप्तचर. कॅरियू हे 'स्वीनी टॉड' या नाटकात लान्सबरी यांचे सहकलाकार होते.

डेनिस स्टँटन (कीथ मिशेल) : एकेकाळचा दागिन्यांचा चोर व नंतर सॅन फ्रान्सिस्कोतील विमा कंपनीचा तपासनीस.

लान्सबरी यांनी दोन भागांत जेसिकाची इंग्लंडमधील चुलत बहीण एमा मॅकगिल हिचीही भूमिका केली आहे.

पाहुणे कलाकार

प्रत्येक भागात नवे संशयित लागत असल्याने मालिकेत पाहुण्या कलाकारांची मोठी वर्दळ असे. जॅनेट ली, व्हॅन जॉन्सन, जून ॲलिसन, जीन सिमन्स, मिकी रूनी, सिड चॅरिस असे हॉलिवूडच्या स्टुडिओयुगातील कलाकार येथे पुन्हा पडद्यावर दिसले. कॅथरीन ग्रेसन, रूथ रोमन व ज्युली ॲडम्स यांनी कॅबट कोव्हमधील गावकरी स्त्रियांच्या आवर्ती भूमिका केल्या.

या निवडीमागे केवळ स्मरणरंजन नव्हते. अमेरिकेत कलाकारांचे आरोग्यविमा व निवृत्तिवेतन यांसंबंधीचे लाभ कलाकार संघटनेच्या नियमांनुसार मिळणाऱ्या कामावर अवलंबून असतात. वय झालेल्या कलाकारांना काम मिळेनासे झाले की हे संरक्षणही धोक्यात येते. अशा सहकाऱ्यांना भूमिका मिळाव्यात म्हणून लान्सबरी प्रयत्नशील असत.

दुसरीकडे जॉर्ज क्लूनी, कोर्टनी कॉक्स, वाकीन फिनिक्स, ब्रायन क्रॅन्स्टन यांसारखे पुढे प्रसिद्धीस आलेले कलाकारही आपल्या उमेदवारीच्या काळात या मालिकेत झळकले.

इ.स. १९८७ मधील 'द डेज ड्विंडल डाउन' हा भाग या दृष्टीने उल्लेखनीय आहे. 'स्ट्रेंज बार्गेन' या इ.स. १९४९ मधील चित्रपटातील मूळ दृश्ये त्यात पूर्वस्मृती म्हणून वापरली आहेत. जेफ्री लिन, मार्था स्कॉट व हॅरी मॉर्गन या मूळ कलाकारांनीच त्या पात्रांची वृद्धावस्था साकारली आहे.

पर्वांगणिक झालेले बदल

जवळजवळ प्रत्येक दृश्यात नायिका असल्याने लान्सबरी यांच्यावर कामाचा मोठा ताण पडे. त्यावर उपाय म्हणून सहाव्या पर्वापासून (इ.स. १९८९-९०) काही भागांत जेसिका केवळ आरंभी व शेवटी येऊन गोष्ट सांगते आणि तपास स्टँटनसारखे दुसरे पात्र करते, अशी योजना करण्यात आली.

इ.स. १९९१ मध्ये सातव्या पर्वानंतर फिशर यांनी मालिका सोडली. आठव्या पर्वापासून जेसिका न्यू यॉर्क शहरात घर घेते व तेथील विद्यापीठात गुन्हेगारीशास्त्र शिकवू लागते. सुट्टीच्या दिवसांत मात्र ती कॅबट कोव्हला येते. नायिका काळाबरोबर चालणारी व कार्यमग्न असावी, ही लान्सबरी यांची इच्छा या बदलामागे होती. इ.स. १९९२ पासून त्या स्वतः मालिकेच्या कार्यकारी निर्मात्या झाल्या. त्यांचे बंधू ब्रूस लान्सबरी यांनी निर्मितीची बाजू सांभाळली, तर पुत्र अँथनी शॉ यांनी अनेक भागांचे दिग्दर्शन केले.

प्रसारण व समाप्ती

पहिल्या ११ पर्वांत मालिका रविवारी रात्री ८ वाजता, '६० मिनिट्स' या वृत्तकार्यक्रमानंतर प्रसारित होई. यांतील बहुतेक पर्वांत ती अमेरिकेतील सर्वाधिक पाहिल्या जाणाऱ्या पहिल्या दहा कार्यक्रमांत होती. इ.स. १९८५-८६ च्या पर्वात तिचा तिसरा क्रमांक लागला.

तथापि, अमेरिकन वाहिन्यांचे जाहिरातदार १८ ते ४९ या वयोगटातील प्रेक्षकांना अधिक महत्त्व देत. 'मर्डर, शी रोट'चा प्रेक्षकवर्ग संख्येने मोठा असला, तरी त्यात वयस्कर प्रेक्षकांचे प्रमाण अधिक होते. इ.स. १९९५ मध्ये, १२ व्या पर्वाच्या प्रारंभी, सीबीएसने मालिका रविवारवरून गुरुवारी रात्री ८ वाजता हलविली. त्याच वेळी एनबीसीवर 'फ्रेंड्स' ही तरुणाईत अत्यंत लोकप्रिय असलेली विनोदी मालिका लागत असे. रविवारच्या जागी सीबीएसने 'सिबिल'सारख्या विनोदी मालिका आणल्या. या निर्णयाबद्दल लान्सबरी यांनी उघडपणे खेद व्यक्त केला. गुरुवारी मालिकेची प्रेक्षकसंख्या झपाट्याने घसरली, ती पहिल्या पन्नास कार्यक्रमांतूनही बाहेर गेली आणि हेच पर्व शेवटचे ठरले. अखेरचे काही भाग पुन्हा रविवारी दाखविण्यात आले.

शेवटच्या पर्वात या घडामोडींचे पडसाद उमटले. 'मर्डर अमंग फ्रेंड्स' या भागात तरुण मित्रमंडळींवरील एका काल्पनिक दूरचित्रवाणी मालिकेच्या निर्मितीत खून होतो. अंतिम भागाचे नाव 'डेथ बाय डेमोग्राफिक्स', म्हणजे 'लोकसंख्याशास्त्रामुळे मृत्यू', असे होते. त्याची पार्श्वभूमी तरुण श्रोते मिळविण्यासाठी आपले स्वरूप बदलणाऱ्या रेडिओ केंद्राची आहे.

पुरस्कार

मालिकेला इ.स. १९८५ व इ.स. १९८६ मध्ये सर्वोत्कृष्ट नाट्यमालिकेचा गोल्डन ग्लोब पुरस्कार मिळाला. लान्सबरी यांना या भूमिकेसाठी चार वेळा गोल्डन ग्लोब पुरस्कार लाभला. पहिल्या भागाच्या संगीतासाठी ॲडिसन यांना एमी पुरस्कार मिळाला. सर्व १२ पर्वांसाठी लान्सबरी यांना एमीचे नामांकन मिळाले, परंतु पुरस्कार एकदाही मिळाला नाही.

टीका

कथानके ठरावीक साच्याची असणे, पोलीस अकार्यक्षम दाखविणे व योगायोगांचा अतिरेक हे मालिकेवरील प्रमुख आक्षेप होत. जेसिका जाईल तेथे खून होतो, हा विनोदाचा कायमचा विषय ठरला. लहानशा गावात अवास्तव संख्येने खून होणाऱ्या कथांच्या संदर्भात 'कॅबट कोव्ह सिंड्रोम' ही संज्ञा रूढ झाली. हे मान्य करूनही, ठरावीक साचा हाच अशा रहस्यकथेतील वाचक-प्रेक्षकांचा आनंद असतो, असे मालिकेच्या समर्थकांचे म्हणणे आहे. गुन्हा घडतो, परंतु तासाभरात न्याय होतो, या आश्वासनासाठीच प्रेक्षक तिच्याकडे वळत.

संबंधित निर्मिती

इ.स. १९८६ मध्ये 'मॅग्नम, पी. आय.' या मालिकेबरोबर संयुक्त कथानक सादर झाले. त्याचा पूर्वार्ध 'मॅग्नम'मध्ये, तर उत्तरार्ध या मालिकेत होता. हॅरी मॅकग्रॉ या पात्रावर 'द लॉ अँड हॅरी मॅकग्रॉ' (इ.स. १९८७-८८) ही स्वतंत्र मालिका निघाली, ती एका पर्वापुरतीच टिकली.

मालिकेनंतरचे चार दूरचित्रपट पुढीलप्रमाणे : 'साउथ बाय साउथवेस्ट' (इ.स. १९९७), 'अ स्टोरी टू डाय फॉर' (इ.स. २०००), 'द लास्ट फ्री मॅन' (इ.स. २००१) व 'द सेल्टिक रिडल' (इ.स. २००३).

इ.स. १९८९ पासून डोनाल्ड बेन यांनी या नायिकेवर कादंबऱ्या लिहिल्या. 'जिन अँड डॅगर्स' ही त्यांतील पहिली होय. मुखपृष्ठावर सहलेखिका म्हणून चक्क 'जेसिका फ्लेचर' हे नाव छापले जाते. पहिल्या कादंबरीच्या मूळ आवृत्तीत जेसिका मोटार चालविताना दाखविली गेली होती. वाचकांनी ही विसंगती लक्षात आणून दिली. बेन यांच्या निधनानंतर (इ.स. २०१७) अन्य लेखकांनी ही माला पुढे चालविली असून तिच्यात ५० हून अधिक पुस्तके आहेत.

प्रभाव

पुनःप्रसारणामुळे मालिका पुढील पिढ्यांपर्यंत पोहोचली. इ.स. २०१३ मध्ये एनबीसीने ऑक्टेव्हिया स्पेन्सर यांना घेऊन याच नावाची नवी मालिका करण्याचे योजिले होते. पुढील वर्षी ती योजना सोडून देण्यात आली. मूळ नाव वापरण्याच्या कल्पनेविषयी लान्सबरी यांनी नापसंती दर्शविली होती.

लान्सबरी यांना इ.स. २०१३ मध्ये सन्माननीय ऑस्कर व इ.स. २०१४ मध्ये ब्रिटनचा 'डेम' हा किताब मिळाला. ११ ऑक्टोबर, इ.स. २०२२ रोजी, ९७ व्या वाढदिवसाच्या पाच दिवस आधी, लॉस एंजेलस येथे त्यांचे निधन झाले. त्यानंतर काही आठवड्यांनी प्रदर्शित झालेला 'ग्लास अनियन' हा रहस्यपट त्यांचा अखेरचा चित्रपट ठरला. त्यात त्या काही क्षणांपुरत्या, चित्रपटातील गुप्तहेराच्या मित्रमंडळींपैकी एक म्हणून, स्वतःच्याच भूमिकेत दिसतात.